संरक्षणाचा पैसा आणि बाईच्या आरोग्याचा पैसा: अर्थसंकल्पातून टिकाऊ तुलना कशी काढायची

आठ मार्च जवळ आला की बडोद्यात महिला मंडळांच्या फलकांवर आणि व्हॉट्सअॅपवर एक वाक्य हटकून फिरतं: ‘एका विमानाच्या पैशात इतकी प्रसूतिगृहं झाली असती.’ वाक्यामागची कळकळ खरी असते. पण सभेतल्या एखाद्या निवृत्त सुभेदारांनी ‘हा आकडा कुठल्या वर्षाचा? पेन्शन धरून की सोडून?’ एवढं विचारलं की बोलणं तिथेच अडतं. लष्कराचं ईएमई स्कूल, हवाई दलाचा तळ आणि सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा कारखाना गावातच असल्यामुळे असं विचारणारं कुणी ना कुणी प्रत्येक सभेत असतंच. म्हणून तुलना अशी मांडायची की त्या सुभेदारांनीही मान डोलवावी. त्यासाठी लागतो एक दिवस, एक वही आणि सरकारचेच कागद. खालची उदाहरणं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाची आहेत. नव्या वर्षासाठी आकडे बदला, पायऱ्या त्याच राहतात.

कागद कुठले काढायचे

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो आणि त्याच दिवशी सगळे कागद अर्थ मंत्रालयाच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीत मिळतात. भाषण वाचत बसू नका, त्यात सोयीचेच आकडे असतात. थेट खर्चाच्या अर्थसंकल्पातल्या अनुदान मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी संसदेकडे मागितलेल्या रकमा, उघडा. संरक्षण मंत्रालयाच्या चार मागण्या आहेत, क्रमांक १९ ते २२: नागरी खर्च, सेनादलांचा महसुली (पगारासारखा चालू) खर्च, भांडवली (शस्त्रखरेदीसारखा) खर्च आणि संरक्षण पेन्शन. आरोग्य मंत्रालयाच्या ४६ आणि ४७, महिला व बालविकास मंत्रालयाची १०१. एखादं मंत्रालय वाढलं-घटलं की क्रमांक सरकतात, म्हणून नाव वाचूनच पान उघडा. सोबत खर्चाच्या गोषवाऱ्यातलं विवरण १३, म्हणजे जेंडर बजेट (स्त्रियांसाठीच्या खर्चाची यादी), काढून ठेवा.

गुजरातचा अर्थसंकल्प फेब्रुवारीतच येतो आणि राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर गुजरातीत मिळतो. महानगरपालिकेचं अंदाजपत्रक स्थायी समितीतून सभेकडे जातं. त्यात शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांचा खर्च सापडतो.

आधी रकाना ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. प्रत्येक मागणीत चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. एका बाजूचा अंदाज आणि दुसऱ्या बाजूचा प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवला की सगळं मुसळ केरात.

२०२४-२५ घ्या. महिला व बालविकास मंत्रालयाला सुरुवातीला २६,०९२ कोटी रुपये दाखवले, सुधारित अंदाजात ते २३,१८३ कोटींवर आले. म्हणजे जाहीर झालेल्या दर शंभर रुपयांतले सुमारे अकरा वर्षाच्या आतच गेले. पण कपात सेनादलांच्या भांडवली खर्चातही झाली: १,७२,००० कोटींचे १,५९,५०० कोटी. ‘कात्री फक्त बायकांच्या योजनांना लागते’ असं लिहिलंत तर कुणीही हा आकडा तोंडावर फेकेल. एक फरक मात्र सांगण्यासारखा आहे: भांडवली पैसा कमी होऊनही संरक्षणाचा एकूण सुधारित आकडा मूळ अंदाजापेक्षा वाढलाच, कारण पगार-पेन्शनसारखा महसुली खर्च थांबवता येत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

नियम एकच. ‘काय वचन दिलं’ हे दाखवायचं तर दोन्हीकडे अर्थसंकल्पीय अंदाज घ्या, ‘काय खर्च झालं’ हे दाखवायचं तर दोन्हीकडे प्रत्यक्ष खर्च.

‘संरक्षण’ म्हणजे नेमकं काय धरलं, ते लिहा

२०२५-२६ मध्ये संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी. तिची फोड अशी: महसुली ३,११,७३२, भांडवली १,८०,०००, पेन्शन १,६०,७९५ आणि नागरी २८,६८३ कोटी. बेरीज करून ताळा घ्या, जुळते. केंद्राचा एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी, त्यातला हा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या जवळ जातो.

‘एवढ्या पैशाची शस्त्रं घेतात’ हे वाक्य मात्र चुकीचं ठरेल. शस्त्रं, विमानं, जहाजं येतात ती १.८० लाख कोटींच्या भांडवली रकान्यातून. नागरी मागणीत तटरक्षक दल आणि सीमेवरचे रस्ते आहेत. पेन्शनमध्ये कुटुंब निवृत्तिवेतन आहे, म्हणजे जवानांच्या विधवांचं घर त्यावर चालतं. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेला, ईसीएचएसला, ८,३१७ कोटी आहेत आणि त्या दवाखान्यांत त्यांच्या पत्नी आणि मातासुद्धा उपचार घेतात. उलट सीमा सुरक्षा दलासारखी केंद्रीय दलं गृह मंत्रालयात मोडतात, ती या आकड्यात नाहीतच. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था भारताचा लष्करी खर्च मोजताना निमलष्करी दलं धरते, म्हणून तिचा आकडा (२०२४ साठी ८६.१ अब्ज डॉलर) मंत्रालयाच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, एकाच तक्त्यात मिसळू नका.

बाईचा पैसा एका ठिकाणी नसतो

महिला व बालविकास मंत्रालयाला २०२५-२६ मध्ये २६,८९० कोटी आहेत. भागाकार केला की संरक्षण पंचवीस पट, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण या मंत्रालयाचा २१,९६० कोटींचा मोठा घास सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० या योजनेचा आहे आणि तो मुख्यतः लहान मुलांसाठी जातो. हिंसेतून बाहेर पडलेल्या बाईचं सखी केंद्र, हेल्पलाइन, निवारा, पाळणाघर, मातृवंदना (बाळंतपणाची रोख मदत) हे सगळं ‘मिशन शक्ती’त येतं आणि त्याला फक्त ३,१५० कोटी आहेत. त्यातही सखी केंद्रं आणि हेल्पलाइन ज्या ‘संबल’ भागात आहेत, त्याला ६२९ कोटी. संपूर्ण देशासाठी. सभेत थांबून सांगायचा आकडा हा आहे.

बाळंतपण, रक्तक्षय, कुटुंबनियोजन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी यांचा पैसा आरोग्य मंत्रालयात असतो (एकूण ९९,८५९ कोटी), आणि त्यातही राष्ट्रीय आरोग्य अभियानात (सुमारे ३७,२२७ कोटी). त्यामुळे फक्त महिला मंत्रालय धरून ‘महिला आरोग्यावर इतकाच खर्च’ म्हणणं चूक. तक्त्यात ‘महिला व बालविकास’, ‘आरोग्य’ आणि त्यातलं ‘आरोग्य अभियान’ अशा वेगळ्या ओळी ठेवा. बेरीज करायची तर पहिल्या दोनच घ्या. अभियान आरोग्याच्या पोटातच आहे, ते पुन्हा मिळवलं तर दोनदा मोजलं जातं.

विवरण १३ बद्दल सावध राहा. २०२५-२६ चं जेंडर बजेट ४,४९,०२९ कोटींचं, म्हणजे केंद्राच्या खर्चाच्या ८.८६ टक्के. आदल्या वर्षी ते ६.८ टक्के होतं. एका वर्षात स्त्रियांवरचा खर्च इतका वाढला का? नाही. यादीत बारा नवे विभाग आले, त्यांत अन्नपुरवठा आणि रेल्वेसुद्धा आहेत. आधीपासून चालू असलेल्या खर्चाचा काही हिस्सा २०२५-२६ मध्ये ‘महिलांसाठी’ म्हणून नोंदला गेला. विवरणाचे तीन भाग आहेत: ‘अ’मध्ये पूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना (१,०५,५३५ कोटी), ‘ब’मध्ये ज्यांचा ३० ते ९९ टक्के भाग स्त्रियांसाठी आहे त्या (३,२६,६७२ कोटी), ‘क’मध्ये ३० टक्क्यांहून कमी (१६,८२१ कोटी). घरकुलाचा मोठा पैसाही याच विवरणात धरला जातो. घर बाईच्या नावावर होणं मोलाचं आहे, पण म्हणून तो आरोग्याचा खर्च होत नाही. आरोग्याची तुलना करताना या विवरणातून फक्त आरोग्य आणि महिला व बालविकास यांच्या ओळी उचला.

सी-२९५ चा सापळा

बडोदेकरांनी हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण आकडे इतके जुळतात की मोह आवरत नाही. ५६ विमानांचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला, २१,९३५ कोटींचा. सोळा विमानं स्पेनहून, चाळीस इथे बडोद्यात जोडायची. कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. आणि पोषण २.० ची तरतूद २१,९६० कोटी. ‘छप्पन्न विमानं म्हणजे साऱ्या देशाच्या अंगणवाड्या’ असं पोस्टर पाच मिनिटांत तयार होतं, आणि ते चुकीचं असतं. करार दहा वर्षांचा आहे, पैसा टप्प्याटप्प्याने जातो. पोषणाची तरतूद एका वर्षाची आहे, शिवाय ती फक्त केंद्राचा वाटा आहे. अंगणवाडीच्या चालू खर्चात गुजरातसारखी राज्यं ४० टक्के घालतात आणि पूरक आहारात निम्मे.

कराराला ५६ ने भागून ‘एका विमानाची किंमत’ही काढू नका. अशा करारांत सुटे भाग, प्रशिक्षण, देखभालीची व्यवस्था मिसळलेली असते. एखाद्या खरेदीशी तुलना करायचीच असेल तर करार किती वर्षांचा ते शोधा, सरासरी वार्षिक रक्कम काढा आणि ‘सरासरी’ हा शब्द पोस्टरवर लिहा. त्यापेक्षा दिवसांचा हिशेब सोपा आणि पक्का: ६,८१,२१० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सुमारे १,८६६ कोटी. महिला व बालविकास मंत्रालयाची वर्षाची तरतूद म्हणजे संरक्षणाचे चौदा-साडेचौदा दिवस. मिशन शक्ती म्हणजे दोन दिवससुद्धा नाहीत. दोन्ही एकाच वर्षाचे, दोन्ही अर्थसंकल्पीय अंदाज, दोन्ही केंद्राचे. यावर हरकत घेता येत नाही.

केंद्र आणि राज्य एका तराजूत घालताना

घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे संरक्षण केंद्राच्या सूचीत आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याच्या. म्हणजे बडोद्याच्या सरकारी सयाजीराव रुग्णालयातल्या खाटेचा पैसा मुख्यतः गांधीनगरहून येतो. दिल्लीच्या कागदात आरोग्याचा आकडा लहान दिसणारच. देशाचं चित्र मांडायचं तर जीडीपीशी प्रमाण घ्या: केंद्राने २०२५-२६ साठी धरलेल्या ३५६.९८ लाख कोटींच्या जीडीपीत संरक्षण १.९ टक्के. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून आरोग्यावरचा सरकारी खर्च १.८४ टक्के, आणि लोकांच्या खिशातून गेलेला भाग एकूण आरोग्य खर्चाच्या ३९.४ टक्के. वर्षं वेगळी आहेत, ती प्रत्येक वेळी लिहा. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्येच २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं.

त्याच धोरणात राज्यांसाठी एक कसोटी आहे: राज्याच्या अर्थसंकल्पाचे आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर, तेही २०२० पर्यंत. गुजरातचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ३,७०,२५० कोटींचा, आरोग्य विभागाला २३,३८५ कोटी. भागाकार ६.३ टक्के. आमदाराकडे जाताना हा कागद न्या. संरक्षणाचा खर्च आमदाराच्या हातात नाही, हे ६.३ टक्के आहेत.

खरी मेख: महागाईबरोबर काय वाढतं आणि काय नाही

एकूण रकमांपेक्षा ही तुलना जास्त बोलते, आणि ती फार कमी लोक करतात. जवानाच्या पगारावर आणि निवृत्तिवेतनावर महागाईचा भत्ता वर्षातून दोनदा वाढतो: जुलै २०१७ मध्ये ५ टक्के होता, जानेवारी २०२५ मध्ये ५५ टक्के. ‘एक पद, एक पेन्शन’चा फेरहिशेब २०१४, २०१९ आणि २०२४ असा दर पाच वर्षांनी. हे योग्यच आहे. सीमेवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं निवृत्तिवेतन भाजीच्या भावाने खाऊन टाकू नये.

आता दुसरी बाजू. गरोदर आणि स्तनदा मातेच्या पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला: दिवसाला ९ रुपये ५० पैसे, वर्षात ३०० दिवस. अंगणवाडी सेविकेच्या मानधनातला केंद्राने ठरवलेला भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाला, मदतनिसेचा २,२५०. मातृवंदनेत पहिल्या बाळंतपणाला २०१७ पासून ५,००० रुपयेच आहेत, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘सहा हजारांपेक्षा कमी नाही’ असं लिहिलेलं आहे. यांपैकी कशालाही महागाई भत्ता नाही.

हिशेब असा करायचा. महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक (२०१२ = १००) घ्या. २०१७-१८ ची सरासरी सुमारे १३५, २०२४-२५ ची सुमारे १९३. जुना दर गुणिले नवा निर्देशांक, भागिले जुना निर्देशांक. ९.५० × १९३ ÷ १३५ म्हणजे साधारण साडेतेरा रुपये. आहार तेवढाच राहायचा तर २०२४-२५ च्या भावाने साडेतेरा लागतात. ४,५०० चं उत्तर (२०१८-१९ चा निर्देशांक सुमारे १४०) सहा हजार दोनशेच्या आसपास येतं. निर्देशांकाचं पायाभूत वर्ष बदललं असेल तर जुनी आणि नवी मालिका सरळ भागू नका, सांख्यिकी मंत्रालय जोड-गुणक देतं तो वापरा. राज्यं आपल्याकडून मानधनात भर घालतात, ती वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर ‘आमच्याकडे जास्त मिळतात’ या एका वाक्यावर चर्चा भरकटते.

यातून निघणारी मागणीही नेमकी होते: पेन्शनला जो नियम आहे, तोच पूरक आहाराला आणि मानधनाला लावा. कुणाचा घास काढून घ्यायला आपण सांगत नाही, त्यामुळे माजी सैनिकांच्या संघटनेकडेसुद्धा हा कागद घेऊन जाता येतं.

आकडा अंगणवाडीपर्यंत पोचला का

तरतूद असूनही वस्तू नसते, म्हणून एक-दोन गोष्टी जवळून बघा. ममता दिवसाला (अंगणवाडीतल्या आरोग्य-पोषणाच्या ठरलेल्या दिवशी) केंद्रावर जा आणि साठा नोंदवही बघायला मागा. ‘मातृशक्ती’ची (घरी न्यायच्या तयार पूरक आहाराची) पाकिटं कुठल्या तारखेला आली आणि कुठल्या तारखेला वाटली, हे दोन रकाने शेजारी वाचा. मुख्यमंत्री मातृशक्ती योजना यापेक्षा वेगळी, ती २०२२ मध्ये बडोद्यातूनच सुरू झाली: महिन्याला २ किलो चणे, १ किलो तूरडाळ, १ किलो तेल. तीन जिन्नस एकाच महिन्यात मिळाले का ते लाभार्थींना विचारा. तेल राहून गेलं तर नोंदवहीत ते कसं लिहिलंय बघा.

लोहाच्या गोळ्यांचा हिशेब आणखी सोपा. ॲनिमिया मुक्त भारतच्या नियमाने गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल). आरोग्य केंद्रात वर्षाला हजार गरोदर बायकांची नोंद होत असेल तर किमान ३,६०,००० गोळ्या हव्यात. रक्तक्षय असलेल्यांना रोज दोन लागतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातमधल्या ६२.६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे खरी गरज साडेतीन लाखांच्या बरीच वर. मिळालेल्या गोळ्या याहून कमी असतील तर कोणत्या महिन्यात साठा शून्य होता ते शोधा.

हे कागद तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकार आहे. गुजरातमध्ये अर्जाचं शुल्क २० रुपये, केंद्राच्या कार्यालयांत १० रुपये. ग्रामीण भागासाठी जिल्हा पंचायतीच्या आयसीडीएस (अंगणवाड्या बघणाऱ्या) शाखेकडे, शहरासाठी महानगरपालिकेकडे. ‘निधी का खर्च झाला नाही?’ असं विचारू नका. कारणं द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नसतो, हातात असलेला दस्तऐवज द्यायला असतो. असं लिहा: ‘२०२४-२५ मध्ये पूरक पोषण आहारासाठी मंजूर, प्राप्त आणि खर्च रक्कम, महिनानिहाय, सेविका व मदतनिसांची मंजूर आणि रिक्त पदं.’ लोह-फॉलिक गोळ्यांच्या साठा नोंदवहीची प्रत वेगळ्या अर्जात मागा. एका अर्जात एक वर्ष, एक योजना. दहा वर्षांचं एकदम मागितलं की ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तर येतं. तसं आलंच तर नोंदी प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा, कायद्यात ती आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे.

फलकावर काय लिहायचं

तीनच आकडे. चौथा कुणाच्या डोक्यात राहत नाही. दिवसाला १,८६६ कोटी आणि वर्षाला ३,१५० कोटी ही जोडी, गुजरातचे ६.३ टक्के, आणि साडेनऊ रुपये. प्रत्येकाखाली लहान अक्षरांत चार गोष्टी: वर्ष, रकाना (अंदाज, सुधारित की प्रत्यक्ष), केंद्र की राज्य, आणि संरक्षणाच्या आकड्यात पेन्शन धरलंय की नाही. मागणी क्रमांकही लिहा, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला मोबाइलवर तिथल्या तिथे पान उघडून बघता येईल.